साठेबाजाचे तास

त्याला साठेबाज हे नाव माझ्याच कॅन्टीनमध्ये पडलं. आमच्या कारखान्यात आईबापांनी ठेवलेलं नाव फाटकाच्या आत टिकत नाही. दोन मिनिटं उभं राहून भाषण केलं की माणूस पुढारी होतो, पगाराच्या याद्या हातात आल्या की बाई हिशेबवाली होते, आणि चहाची किटली उचलली की मावशी. मी सगळ्यांची मावशी. निवृत्तीला टेकलेले बाप्येसुद्धा मला मावशी म्हणतात आणि मी त्यांना शाळकरी पोरांसारखं दरडावते. त्याशिवाय कोणी कपबशी जागेवर ठेवत नाही.

कारखाना पितळी नळांचा. ओतलेला नळ आधी खडबडीत असतो, त्याला चकाकी येते ती पॉलिश खात्यात. फिरत्या कापडी चाकावर मेण चढवायचं आणि नळ दाबून धरायचा, हात भाजेपर्यंत. खात्यातली माणसं चहाला येतात तेव्हा डोळे आणि दात तेवढे पांढरे. हा त्यातलाच एक. उंच, खांद्यात वाकलेला, बोलायला जड. चहात साखर घालू का म्हणून विचारलं तरी आधी विचार करायचा. दिसायला बरा होता, पण स्वतःला ते माहीत नव्हतं. असल्या माणसाचं जगात कसं होतं ते सांगायला नको.

आता तासांचं सांगते, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. आमच्याकडे जादा कामाचे पैसे देत नाहीत, तास देतात. रविवारी आलात, पाळी संपल्यावर थांबलात, तर तेवढे तास तुमच्या खात्यावर जमा. पुढे हवी तेव्हा त्या तासांची सुट्टी घ्या, पगार चालू. बाकीचे लोक आज जमा करायचे आणि उद्या उडवायचे. कोणाच्या साडूचं लग्न, कोणाच्या पोराची परीक्षा, कोणाची नुसतीच आदल्या दिवशीची उतरलेली नसायची. हा मात्र नुसता जमाच करायचा. यंत्र बिघडलं, हा थांबला. सणावाराची पाळी कोणाला नको, हा आला. कधी एक तास मागितला नाही. चहा घेताना पॉलिश खात्यातलं कोणीतरी म्हणालं, अरे हा तर साठेबाज आहे, भाव वाढले की विकणार. हसले सगळे. तोही हसला, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

कशासाठी साठवतो ते मला कळलं एका रविवारी. कॅन्टीनमध्ये तो एकटाच होता आणि मला बोलायला कोणीतरी हवं होतं. त्याच्या बायकोच्या हृदयाची एक झडप खराब होती. जिना चढला की धाप, वाकून झाडलं की धाप. ऑपरेशन करायचं ठरलं होतं, मोठ्या रुग्णालयाच्या यादीत नाव लागलं होतं, पण यादी लांब. डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. ऑपरेशन आम्ही करू, पण त्यानंतर दोन महिने घरात माणूस पाहिजे. एकटं ठेवायचं नाही. रक्त पातळ करायचं औषध वेळेवर, छातीला जपायचं, आणि जरा काही वेगळं वाटलं की तडक रुग्णालय. मूलबाळ नव्हतं. त्याच्याकडचं कोणी उरलं नव्हतं. तिचा एक भाऊ होता, तो परदेशातून फोनवर काळजी करायचा. काळजीला काय, पैसे पडत नाहीत.

‘म्हणून साठवतोय,’ तो म्हणाला. ‘दोन महिने घरी बसेन. कोणापुढे हात पसरायला नको.’

‘ऑफिसात सांगितलंस का हे?’

‘साहेबांना सांगितलंय.’

साहेब म्हणजे पॉलिशचा सुपरवायझर. हिशेबवालीने एकदा माझ्यादेखत याला म्हटलं होतं, की एवढे तास ठेवतोयस तर कशासाठी ते लिहून दे, त्यासाठी एक साधा अर्ज असतो, म्हणजे ते राखीव राहतील. तिला हौस नव्हती, नियमच होता तसा. पण हा लिहायला तयार नाही. का, तर आमच्याकडे एक पद्धत पडली होती. कोणी लिहून दिलेली नव्हती, पण शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. ज्याच्या घरात आजारपण तो माणूस कामाचा नाही. एकदा का ऑफिसात कळलं की याची बायको आजारी, याचा बाप अंथरुणावर, की छाटणीच्या वेळी बोट आधी त्याच्याकडे जायचं. म्हणून सगळे घरातली दुखणी लपवायचे. दुसऱ्या कुठल्या कारखान्यात दुखणं सांगून सवलत मागत असतील, आमच्याकडे ताप घेऊन हसत यायचे. याने तेच केलं. सुपरवायझरच्या कानात सांगितलं आणि कागद कोरा ठेवला.

सुपरवायझरने याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, ‘तुझे तास माझ्याकडे. आपल्यात कागद कशाला?’ मी तिथेच कप विसळत होते. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण हा पोट भरून उठला.

मग बांधकामं थांबली. का थांबली ते पेपरवाले सांगतील, मला एवढंच कळतं की इमारत उभी राहिली नाही तर नळ कोणी घेत नाही. गोदामात खोकी छतापर्यंत गेली. पॉलिश खात्यातली निम्मी चाकं बंद. माझी पावाची लादी संध्याकाळपर्यंत उरायला लागली. माणसं चहा घेताना हळू बोलायला लागली तेव्हाच मी ओळखलं, की काहीतरी येतंय.

सभा माझ्या कॅन्टीनमध्येच झाली, कारण तेवढ्या खुर्च्या दुसरीकडे नाहीत. हिशेबवाली उभी राहिली. बाई हुशार, कोरडी, पण खोटं बोलणारी नाही. तिने सांगितलं, की मालक कोणाला काढणार नाहीत. तास कमी करणार. आठवड्यात तीन दिवस काम, दोन दिवस घरी. घरच्या दोन दिवसांचा पगार मालक देणार नाहीत, पण बुडालेल्या पगाराचा मोठा हिस्सा सरकारी कचेरी भरून देईल. ज्यांना मुलं आहेत त्यांना थोडा जास्त. तुमच्या हातात पैसे मालकच पगाराबरोबर देतील, मग कचेरी मालकांना परत करेल. काम पुन्हा आलं की सगळं पहिल्यासारखं.

‘म्हणजे घरी झोपून पैसे?’ पॉलिश खात्यातल्या पुढाऱ्याने विचारलं.

‘घरी झोपून कमी पैसे,’ ती म्हणाली.

लोक हसले. जिवात जीव आला होता सगळ्यांच्या. मग ती म्हणाली, एक अट आहे. कचेरी आधी विचारते, की ही कामाची तूट दुसऱ्या कशाने भरून निघत नाही ना? कोणाच्या खात्यावर जुनी रजा असेल, जादा तास असतील, तर ते आधी संपवा. ते शिल्लक असताना सरकार एक छदाम देणार नाही. आणि अर्ज माणसागणिक नाही, खात्यागणिक जातो. पॉलिश खात्यात बाकी सगळ्यांचे तास संपल्यात जमा आहेत. एका माणसाचे सोडून.

नाव घ्यायची गरजच नव्हती. सगळी डोकी एकदम त्याच्याकडे वळली. तो खिडकीजवळच्या बाकावर टोकाला बसला होता, मेणाचा हिरवट थर मनगटापर्यंत.

‘ते तास राखीव आहेत,’ तो म्हणाला. ‘साहेबांना माहीत आहे.’

‘कारण लिहून दिलं असेल तर त्या तासांना हात लावत नाहीत,’ हिशेबवाली म्हणाली. ‘दिलंय का?’

तो सुपरवायझरकडे बघायला लागला. सुपरवायझर चहाच्या कपात बघायला लागला. कपात काही नव्हतं, मीच भरला नव्हता.

‘बोलणं झालं असेल आमचं,’ सुपरवायझर शेवटी म्हणाला. ‘मी नाही म्हणत नाही. पण कचेरीला बोलणं कसं जोडून पाठवणार?’

एकाने सुचवलं की जुनी तारीख टाकून आत्ता लिहून घ्या. हिशेबवालीने त्याला तिथेच गप्प केलं. खोटी तारीख सापडली तर सगळ्यांचे पैसे परत द्यावे लागतील, वर खटला. मला तिचा राग आला होता, पण चूक काय होतं तिचं? नियम तिने केला नव्हता.

मग तो उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या लोकांसमोर उभा राहिला असेल. म्हणाला, ‘बायकोचं ऑपरेशन आहे. हृदयाचं. नंतर घरी कोणीतरी लागणार आहे. त्यासाठी ठेवलेत.’

मला वाटलं, आता निदान कोणाला तरी लाज वाटेल. पुढाऱ्याने विचारलं, ‘कधी आहे ऑपरेशन?’

‘तारीख मिळाली नाही अजून.’

‘मग तारीख मिळाली की बघू ना. आत्ता कशाला अडवतोस?’

‘तुझ्या घरी खाणारी दोन तोंडं,’ मागून एक जण म्हणाला, ‘माझ्या घरी पोरं आहेत. त्यांना काय तुझे तास खायला घालू?’

‘आमच्या बायका काय लोखंडाच्या आहेत?’ आणखी एक.

‘मी नाही दिले तर?’ त्याने हिशेबवालीला विचारलं.

‘तर खात्याचा अर्ज थांबेल. सगळ्यांचा.’

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण त्या खोलीत प्रत्येकाचं थोडंथोडं जळत होतं, आणि प्रत्येकाला आपलंच कळत होतं. वर्षानुवर्षं शेजारी उभं राहून नळ घासलेली माणसं. त्याने ज्यांच्या सुट्टीच्या पाळ्या केल्या, ज्यांच्या पोरांच्या वाढदिवसासाठी हा रविवारी चाकाशी उभा राहिला, ती. त्याच्या बाजूने एकानेही तोंड उघडलं नाही.

‘द्या संपवून,’ तो म्हणाला आणि बसला.

तेव्हा टाळ्या वाजल्या. शप्पथ सांगते, इतक्या घाणेरड्या टाळ्या मी जन्मात ऐकल्या नाहीत. पुढाऱ्याने त्याच्या पाठीवर थाप मारली, म्हणाला, ‘गोदाम उघडलं बुवा साठेबाजाने.’ आणि तोही हसला. मला त्याचाच जास्त राग आला. अरे, तुझं घर लुटतायत आणि तू दात काढतोस?

तास लवकर संपावेत म्हणून त्याला आठवडेच्या आठवडे घरी बसवलं. बाकीचे तीन दिवस यायचे, हा एकही दिवस नाही. त्याचे तास उतरत होते तसे लोक रोज हिशेबवालीला विचारायचे, उरले किती? आजारी म्हाताऱ्याच्या घरी जमिनीवर डोळा ठेवून बसलेले पुतणे असतात ना, तसे.

मी एकदा त्याच्या घरी गेले. माझंही काम अर्धं झालं होतं. मी ठेक्यावर, मला कसली भरपाई? ठेकेदाराचा चहा खपला नाही तर सरकार काही पुसायला येत नाही. पण ते जाऊ दे. दुसऱ्या मजल्यावर दीड खोली. खिडकीशी शिवणयंत्र, त्याच्याभोवती बॅगा आणि जाकिटं. त्याची बायको लोकांच्या तुटलेल्या चेनी बदलून द्यायची. बारीक चणीची, ओठांवर निळसर झाक, आणि जीभ अशी तिखट की मला माझी धाकटी बहीण असल्यासारखं वाटलं.

‘मावशी, याला परत न्या हो,’ ती म्हणाली. ‘दिवसभर फरशी पुसतो. मला पाय ठेवायला जागा ठेवत नाही. काल मोरीतला नळ घासून घासून झिजवला.’

तो ओट्याशी पाठ करून कांदा चिरत होता. कान लाल झाले त्याचे.

‘बरं आहे की,’ मी म्हटलं. ‘नवरा घरात आहे.’

‘आत्ता काय करू त्याला?’ ती म्हणाली. हसतच म्हणाली, पण धाप लागली म्हणून मध्ये थांबली. ‘आत्ता मी चालते, फिरते, शिवते. मला तो नंतर लागणार आहे. नंतरचा सगळा आत्ताच वापरून टाकतोय.’

तो वळला नाही. मी चहा न घेताच उठले.

एवढं मात्र सांगायला हवं, की हात बांधून बसला नव्हता तो. मोठ्या रुग्णालयात जाऊन आला. तिथल्या खिडकीवर म्हणाला, मी सध्या घरीच आहे, रिकामा आहे, ऑपरेशन आत्ताच करून टाका. खिडकीतल्या बाईने विचारलं, तुम्हाला सवड आहे म्हणून पुढच्या माणसाला मागे ढकलू का? त्यालाही घरदार आहे. यादी म्हणजे यादी. त्याने हे मला सांगितलं तेव्हा वर म्हणाला, ‘बरोबरच आहे तिचं.’ सगळ्यांचं बरोबरच असायचं त्याच्या लेखी.

त्याचे तास संपले त्याच आठवड्यात अर्ज गेला. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, पण भरपाई पुढच्याच पगारात मिळाली. पॉलिश खात्याने माझ्याकडून बिस्किटांचे पुडे घेतले. त्याच्यापुढेही एक ठेवला. त्यालाही त्यानंतर सगळ्यांसारखे दोन दिवस घरचे आणि त्यांची भरपाई मिळायला लागली, पण फार दिवस नाही. बांधकामं पुन्हा सुरू झाली. थांबलेल्या इमारतींना सगळे नळ एकाच वेळी हवे होते. गोदाम रिकामं झालं, तीन पाळ्या लागल्या, रविवारही कामाचा झाला. सुपरवायझर खुशीत होता. माझ्या काउंटरपाशी त्याने साठेबाजाला गाठलं आणि म्हणाला, ‘आता पुन्हा साठव की. संधी आहे.’ मी किटली इतकी जोरात आपटली की झाकण उडालं.

आणि तारीख आली ती या धांदलीत.

तो सुपरवायझरकडे गेला. तास नाहीत, रजा नाही, तीही त्या तासांबरोबरच संपवली होती. बिनपगारी द्या म्हणाला. सुपरवायझर म्हणाला, बंदरावर जहाज आपल्या मालासाठी अडलंय, मी एक माणूस कमी केला तर माझी मान जाईल. तू जा, मी धरून ठेवत नाही, पण परत आलास आणि तुझ्या चाकावर दुसरा दिसला तर मला बोलू नकोस. आता नोकरी सोडावी, तर ऑपरेशनचा सगळा खर्च कारखान्याच्या विम्यातून. नोकरी गेली की विमा गेला, विमा गेला की ऑपरेशन गेलं. पुढची तारीख घ्यावी, तर डॉक्टर म्हणत होते आता थांबायचं नाही. इकडे आड तिकडे विहीर, आणि मध्ये हा, विचार करत. हिशेबवालीकडेही गेला. तिने सगळे नियम काढून बघितले. बायकोच्या आजारपणासाठी त्यात काही नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी पुढाऱ्याने त्याची पाळी केली. एक दिवस. त्यानंतर कितीतरी दिवस पुढारी ते सांगत होता. ऑपरेशन चांगलं झालं. ती रुग्णालयात होती तोवर सगळं ठीक होतं. तिथे नर्स होत्या. पाळी सुटली की हा धावत जायचा, आणि दुसऱ्या दिवशी मला सांगायचा, की ओठ गुलाबी झालेत. मग तिला घरी पाठवलं. जाताना डॉक्टरांनी विचारलं, घरी कोण आहे? हा म्हणाला, मी आहे. खोटं बोलला. मी त्याला तिथे तरी खरं बोलायला हवं होतंस म्हटलं, तर म्हणाला, खरं बोललो असतो तर घरी सोडलं नसतं, आणि खाट रिकामी करा म्हणून मागे तर लागले होते.

सकाळी निघताना सगळं तिच्या हाताशी ठेवून यायचा. पाणी, औषध, फोन. पॉलिश खात्यात फोन आत न्यायला बंदी, म्हणून चहाच्या सुट्टीत माझ्या काउंटरवरून लावायचा. बाकीचे रांगेत असायचे. हा पाठ करून, तोंडावर हात धरून बोलायचा. घेतलं का औषध? खाल्लंस का? पलीकडून ती काहीतरी टोमणा मारायची, कारण त्याची पाठ हलायची, हसल्यासारखी. मग चहा घ्यायचा. फोन होईपर्यंत चहाला हात लावायचा नाही.

एक दिवस तिने फोन घेतला नाही.

त्याने परत लावला. रांगेतला एकजण म्हणाला, झोपली असेल रे. तो म्हणाला, हो, झोपली असेल. तिसऱ्यांदा लावला. मी म्हटलं, ‘जा घरी.’ माझ्याकडे नुसता बघत राहिला. मी म्हटलं, ‘बघतोस काय, जा.’

तो सुपरवायझरकडे गेला, तिथेच, दोन बाकं पलीकडे बसला होता तो. काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण सुपरवायझरचं ऐकू आलं. ‘मालाची गाडी उभी आहे दारात. हातातला माल संपव आणि जा, मी कुठे नाही म्हणतोय?’

आणि तो माल संपवायला गेला. चुलीत गेला तो माल, चुलीत गेला तो कारखाना, असं मी मनात म्हणत होते आणि मोठ्यानेही म्हटलं, पण पॉलिश खात्याची दारं उघडली की आतल्या चाकांच्या घरघरीत माणसाचं काय ऐकू येणार? त्याने हातातले सगळे नळ संपवले. एकही खराब गेला नाही, असं पुढारी नंतर कौतुकाने सांगत होता.

घरी पोचला तेव्हा ती खिडकीपाशी जमिनीवर होती. श्वास होता. रुग्णालयात पोचेपर्यंत नव्हता. रक्ताची गाठ. डॉक्टर तरुण होता, त्याला गोड बोलायला अजून शिकवलं नसावं. म्हणाला, जवळ कोणी असतं आणि वेळेत आणलं असतं तर ही वाचली असती. आणि याच्याकडे बघून विचारलं, ‘तुम्ही घरीच असणार होतात ना?’

त्याने ते मला स्वतः सांगितलं. रडला नाही. मीच रडले, आणि माझ्या रडण्याचाही मला संताप आला.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर आणि हिशेबवाली त्याच्या घरी गेले. मी आधीच तिथे होते. सुपरवायझर दारात चपला काढून, हात जोडून उभा. म्हणाला, ‘तू काही काळजी करू नकोस. बायको गेली तर आठवडाभर पगारी रजा असते. अर्जसुद्धा करायचा नाही. मी कालच लावून टाकली.’ हिशेबवालीने मान खाली घातली होती. बैल गेला आणि झोपा केला, असं म्हणायला माझी जीभ शिवशिवली. पण तो माणूस तिथे बसला होता, मी गिळलं.

‘आठवडाभर?’ त्याने विचारलं.

‘पूर्ण आठवडा,’ सुपरवायझर म्हणाला. ‘तुझा हक्कच आहे तो.’

सगळं उरकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकाशी पाववाल्याची वाट बघत होते, तर हा आला. दाढी केलेली, धुतलेले कपडे, नेहमीच्या वेळेला. पंच करायला कार्ड लावलं तर फाटक उघडेना. वॉचमन खोलीतून बाहेर आला. त्याला अवघडल्यासारखं झालं होतं.

‘तुम्ही रजेवर दिसताय,’ वॉचमन म्हणाला. ‘यंत्र घेत नाही.’

‘मला नको आहे रजा.’

वॉचमनने आत फोन लावला. सुपरवायझर बाहेर आला, याच्या खांद्यावर हात ठेवला. ‘अरे, घरी जा. विश्रांती घे. आत घेतलं तर मला जाब विचारतील, रजेवरच्या माणसाला कामाला लावलं म्हणून.’

‘मी घरी काय करू?’ त्याने विचारलं. ओरडला नाही. खरंच विचारत होता.

‘नियम आहे बाबा,’ सुपरवायझर म्हणाला आणि आत गेला, कारण भोंगा झाला होता.

मी त्याला म्हटलं, थांब, चहा आणते. तो नको म्हणाला. रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथच्या कठड्यावर बसला, फाटकाकडे तोंड करून. चहाच्या सुट्टीत पोरं खिडकीतून बघून गेली, कोणी बाहेर गेलं नाही. जेवणाच्या वेळी मी पाव आणि अंडं नेऊन दिलं, ते त्याने शेजारी ठेवलं. पाळी सुटल्याचा भोंगा झाला, फाटक उघडलं, माणसं बाहेर पडली. तो उठला, पँट झटकली आणि त्यांच्याबरोबर घरी गेला. आठवडाभर रोज.